जळगाव-धुळ्यात बर्फ पडू शकतो का? पांढऱ्या शेतांच्या व्हायरल फोटोंमागे काय असतं?

डिसेंबर-जानेवारीत पारा घसरला की खान्देशातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रकारचे फोटो हमखास फिरायला लागतात. एका फोटोत सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावरचं गवत, खळ्यातला चारा, गाडीचं टप पांढरंशुभ्र झालेलं दिसतं. दुसऱ्या फोटोत अख्खा डांबरी रस्ता पांढरा असतो आणि त्यावरून कुणीतरी जपून दुचाकी चालवत असतं. मजकूर ठरलेला, 'खान्देशात बर्फवृष्टी' किंवा 'आपलं मिनी काश्मीर'. त्यातच कुणीतरी हिमाचलचा व्हिडिओ धुळ्याचा म्हणून टाकतं आणि मग 'या आठवड्यात आपल्याकडेही बर्फ पडणार' असा मेसेज सुरू होतो.

मेच्या उन्हात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो. त्या भागातल्या लोकांना हिवाळ्यात बर्फाचं आकर्षण वाटणं साहजिक आहे. पण जळगाव-धुळ्याच्या सपाट भागात बर्फ पडण्याची शक्यता आहे का? नाही. आणि गंमत अशी, की ज्या कारणामुळे खान्देश इतका गारठतो, त्याच कारणामुळे इथे बर्फ पडत नाही.

खान्देशात इतकी थंडी येते कुठून?

हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेले पश्चिमी विक्षोभ, म्हणजे वेस्टर्न डिस्टर्बन्स, एकामागून एक उत्तर भारतावरून जातात. जम्मू-काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडमध्ये ते बर्फ टाकतात. ते पुढे सरकले की त्यांच्यामागे उत्तरेकडून कोरडे, गार वारे सुटतात आणि राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून महाराष्ट्रापर्यंत येतात. बातम्यांमध्ये 'काश्मीरमधल्या बर्फवृष्टीमुळे राज्यात थंडी वाढली' असं जे सांगितलं जातं, त्याचा अर्थ एवढाच. तिथला बर्फ इकडे येत नाही, वारा येतो.

उत्तर महाराष्ट्र या वाऱ्यांच्या वाटेवर आधी लागतो. कोकणाला उबदार समुद्र जवळ आहे, खान्देशाला तो आधार नाही. शिवाय भूगोलही थंडीच्या बाजूने आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा आणि मधून वाहणारी तापी. जळगाव-धुळे शहरं समुद्रसपाटीपासून दोन-अडीचशे मीटरच उंच आहेत, तरी हिवाळ्यात रात्री पुण्यापेक्षा थंड असू शकतात.

याचं मुख्य कारण आहे निरभ्र आकाश. दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळल्यावर आपली उष्णता वर सोडते. ढग असले तर ते ही उष्णता अडवून परत खाली पाठवतात, रजईसारखे. ढग नसले, हवा कोरडी असली आणि वारा पडलेला असला, की उष्णता निघून जाते. जमिनीलगतची हवा गार होते, जड होते, उतारावरून खाली सरकते आणि नाल्याकाठी, खोलगट शेतांत साचते. त्यामुळे पहाटे गावठाणापेक्षा नदीकाठच्या मळ्यात जास्त हुडहुडी भरते. हे शेतकऱ्यांना सांगावं लागत नाही.

मग बर्फ का नाही?

बर्फ पडायला थंडी लागतेच, पण ढगही लागतात. ढगात तयार झालेला हिमकण जमिनीपर्यंत न वितळता पोहोचायचा असेल, तर ढगापासून जमिनीपर्यंतची जवळजवळ सगळी हवा शून्याच्या आसपास किंवा त्याखाली असावी लागते.

हिवाळ्यात महाराष्ट्रावर शून्य अंशाची पातळी साधारण चार किलोमीटरच्या आसपास उंचीवर असते. राज्यातलं सर्वांत उंच शिखर, कळसूबाई, १,६४६ मीटरचं आहे. सातपुड्यातलं अस्तंभा त्याहून कमी. म्हणजे ढगातून निघालेल्या हिमकणाला खान्देशात उतरायला तीन-साडेतीन किलोमीटर उबदार हवेतून यावं लागेल. हिमकण हलका असतो, सेकंदाला मीटरभर वेगाने तरंगत येतो. एवढा प्रवास त्याला तासभर पुरतो आणि वाटेतच त्याचा पाऊस होतो.

धुळ्याच्या पहाटेची जी कडाक्याची थंडी असते, ती जमिनीला चिकटलेल्या हवेच्या पातळ थरातली असते. थोडं वर गेलं की हवा उलट उबदार लागते. आणि हा थंड थर तयार होतो तो ढग नसल्यामुळे. ढग आले की रजई आली. रात्रीचं तापमान एकदम काही अंशांनी वर चढतं, 'ढगाळ वातावरणामुळे थंडी पळाली' अशा बातम्या येतात. थोडक्यात, खान्देशात कडाका असतो तेव्हा ढग नसतात आणि ढग असतात तेव्हा कडाका नसतो.

राजस्थानातल्या चुरूमध्ये किमान तापमान काही वेळा शून्याखाली जातं, तरी तिथे बर्फ पडत नाही. माउंट अबूला १,२०० मीटर उंचीवर गाड्यांच्या काचांवर बर्फाचा थर जमतो, पण आकाशातून काही पडलेलं नसतं. उटी तर दोन हजार मीटरच्याही वर आहे, तिथेही जानेवारीत हिरवळ पांढरी होते ती अशाच प्रकारे.

फोटोत पांढरं दिसतं ते काय?

गवतावरचा पांढरा थर म्हणजे गोठलेलं दव. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब, वालंबा भागातून अशा बातम्या कडाक्याच्या हिवाळ्यात येतात. महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवर बोटींवर आणि जेटीवर दिसणारे 'हिमकण' हेच. हवेतली वाफ गवताच्या पात्यावर, पत्र्यावर, चाऱ्याच्या गंजीवर जमते आणि त्या वस्तूचं तापमान शून्याखाली गेलं की तिचा बर्फ होतो. वरून काहीच पडत नाही, सगळं जागेवर तयार होतं.

इथे एक प्रश्न नेहमी विचारला जातो. तापमान तीन-चार अंश सांगितलं होतं, मग दव गोठलं कसं? हवामान केंद्रातला तापमापक पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर असतो. तो हवेचं तापमान मोजतो. गवताचं पातं मात्र थेट उघड्या आकाशाखाली उष्णता गमावत असतं आणि ते पेटीतल्या हवेपेक्षा तीन-चार अंशांनी सहज जास्त थंड होऊ शकतं. म्हणजे बातमीतला आकडाही खरा आणि पांढरं गवतही खरं. चुकीचा असतो तो फक्त 'बर्फवृष्टी' हा शब्द.

पांढऱ्या रस्त्याचा फोटो वेगळा. ती बहुतेक वेळा गारपीट असते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्याच्या मोठ्या भागाला गारपिटीने झोडपलं होतं. मार्च २०२३ मध्येही उत्तर महाराष्ट्रात गारा पडल्या. गारा उंच वादळी ढगात तयार होतात, जड असतात आणि वेगाने खाली येतात, म्हणून उबदार हवेतूनही वितळण्याआधी जमीन गाठतात. त्यांना कडाक्याची थंडी लागत नाही. उलट दुपारी जमीन तापलेली हवी, समुद्राकडून बाष्प यायला हवं आणि वर थंड हवा हवी. म्हणून गारांचे दिवस जास्त करून फेब्रुवारी ते एप्रिल.

फोटो कोणत्या वेळचा आहे हे पाहिलं तरी बराच उलगडा होतो. पांढरेपणा फक्त गवतावर, पत्र्यावर आणि कोवळ्या उन्हातला असेल तर ते दव. फाटलेली पानं, तुटलेल्या फांद्या आणि दुपार-संध्याकाळचा उजेड असेल तर गारा. आणि मागे देवदारची झाडं असतील तर ते धुळे नाही.

खान्देशासाठी खरा आकडा शून्य नाही

बर्फाच्या चर्चेत जो आकडा मागे पडतो तो आहे ८. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, चोपडा पट्ट्याचं अर्थकारण केळीवर उभं आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. केळी हे मुळात उष्ण, दमट हवेचं पीक. तापमान बारा-तेरा अंशांखाली गेलं की झाडाची वाढ मंदावते. नवीन पान यायला वेळ लागतो, पानं पिवळी पडतात, निसवण रखडते, कधी केळफूल खोडातच अडकतं. घड बाहेर आला असेल तर फळ भरत नाही आणि सालीवर तपकिरी झाक येते. केळीचे कंटेनर परदेशी पाठवतानाही आतलं तापमान १३-१४ अंशांच्या खाली जाऊ देत नाहीत, ते याच कारणाने. जे तापमान निर्यातदार शीतकंटेनरमध्ये टाळतो, त्याहून कमी तापमानात रावेरची बाग रात्री उघड्यावर उभी असते.

हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत केळीसाठी कमी तापमानाचा निकष आहे. १ नोव्हेंबर ते २८ फेब्रुवारी या काळात किमान तापमान सलग तीन दिवस ८ अंश किंवा त्याहून कमी राहिलं, तर भरपाई लागू होते. पंचनामा होत नाही, महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राची नोंद पाहिली जाते.

अडचण इथेच आहे. झाडाचं नुकसान ८ अंशांची वाट पाहत नाही. पंधरा दिवस पारा नऊ-दहावर अडकून राहिला तर घडाचं वजन घटतं, भाव पडतो, पण निकष पूर्ण होत नाही. दोन रात्री ७ अंश आणि तिसऱ्या रात्री ढग आल्यामुळे साडेआठ, तरीही तेच. शिवाय एका मंडळात अनेक गावं येतात आणि केंद्र एकच असतं. ते माळावर असेल आणि बाग नाल्याकाठच्या खोलगटात, तर दोन ठिकाणच्या पहाटेत एक-दोन अंशांचा फरक सहज पडतो. एरवी या फरकाने फार बिघडत नाही, पण विम्यात तो 'मिळाले' आणि 'नाही मिळाले' यांच्यातला फरक असतो.

म्हणूनच वर्तमानपत्रातला आकडा पाहून 'आता विमा मिळणार' असं गृहीत धरणं धोक्याचं आहे. धुळ्याचा म्हणून जो नीचांक छापून येतो, तो बहुतेकदा धुळे कृषी महाविद्यालयाच्या केंद्रातला असतो. नाशिकमध्ये निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्राचा आकडा असाच गाजतो. ही केंद्रं शेतजमिनीवर, मोकळ्यावर आहेत, त्यामुळे सिमेंटच्या शहरापेक्षा तिथे पारा खाली जातो. आकडा बरोबरच असतो, फक्त तो त्या जागेचा असतो. मोबाइल ॲपवरचा आकडा तर बऱ्याचदा मोजलेला नसतोच, काही किलोमीटरच्या चौकटीसाठी संगणकाने काढलेला अंदाज असतो.

'थंडीची लाट' हा शब्दही मोजून वापरायचा असतो. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा कमी असेल आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून अधिक घसरलं असेल, तर भारतीय हवामान विभाग लाट म्हणतो. पारा थेट ४ अंशांवर किंवा खाली आला तर सरासरी न पाहताही लाट मानली जाते.

सगळ्यांनाच ही थंडी नकोशी असते असंही नाही. गहू, हरभरा, दादर ज्वारी यांना ती हवी असते. गव्हाचा फुटवा थंडीवरच अवलंबून. वांग्याच्या भरताच्या पार्ट्या रंगतात त्याही याच दिवसांत. एकाच शिवारात एका बांधाला थंडी लाभते आणि पलीकडच्या बांधाला बाधते.

केळीवाला मग रात्रीचं पाणी देतो. विहीर किंवा बोअरचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असतं आणि ओली जमीन उष्णता धरून ठेवते. बांधावर धूर केला जातो, घडांना स्कर्टिंग बॅग घातल्या जातात, वाऱ्याच्या बाजूला शेवरी किंवा गजराज गवताची ताटी लावली जाते. पण यातला पाण्याचा उपाय विजेवर अवलंबून आहे. शेतीपंपांना वीज आठवड्याच्या वेळापत्रकाने, कधी दिवसा कधी रात्री मिळते. कडाक्याच्या आठवड्यात दिवसपाळी आली तर पहाटे पाणी देता येत नाही. रात्रपाळी आली तर बिबट्याचा वावर असलेल्या भागात अंधारात बागेत जावं लागतं.

यंदा किती थंडी पडणार, हे आधी कळतं का?

'ला निनामुळे यंदा हाडं गोठवणारी थंडी' असे मथळे अनेक वर्षं ऑक्टोबरपासूनच दिसतात. ला निना म्हणजे प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय भागातलं पाणी सरासरीपेक्षा थंड होणं. त्याचा भारतातल्या हिवाळ्याशी संबंध आहे, पण तो कल सांगतो, तारीख सांगत नाही. हवामान विभाग डिसेंबर ते फेब्रुवारीचा जो हंगामी अंदाज देतो, तोही शक्यतेच्या भाषेत असतो. रावेरमध्ये कोणत्या तीन रात्री पारा ८ वर येईल, हे ऑक्टोबरमध्ये कुणीच सांगू शकत नाही. चार-पाच दिवस आधीचा अंदाज मात्र बराच भरवशाचा असतो आणि पाणी, धूर, बॅग यांची तयारी करायला तेवढा वेळ पुरतो.

फेब्रुवारीत ढग येऊन थंडी ओसरली की बर्फाचे मेसेज थांबतात, पण गारांचा धोका त्याच सुमारास वाढतो. गारपिटीचा विमा वेगळा, ऐच्छिक जोड म्हणून घ्यावा लागतो. त्यात मंडळाच्या केंद्राची नोंद नव्हे, तर शेतकऱ्याने स्वतः दिलेली सूचना महत्त्वाची असते आणि ती नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत द्यावी लागते. गारांनी पांढरा झालेल्या रस्त्याचा व्हिडिओ काढणाऱ्याची बाग त्या रस्त्यालगत असेल, तर त्याचे ७२ तास तिथूनच सुरू झालेले असतात.