स्पीकर तुमचे, चावी कंपनीकडे: घरच्या हाय-फायसाठी स्ट्रीमर घेताना काय तपासायचं?

७ मे २०२४ रोजी सोनोस या अमेरिकन कंपनीने आपलं मोबाइल ॲप नव्याने बांधून लोकांच्या फोनवर पाठवलं. या कंपनीचे वायरलेस स्पीकर जगभरातल्या लाखो घरांमध्ये आहेत. नवं ॲप उघडल्यावर लोकांच्या लक्षात आलं की स्लीप टायमर गायब आहे, अलार्म बदलता येत नाही, घरच्या कॉम्प्युटरवर साठवलेल्या गाण्यांमध्ये शोध घेता येत नाही आणि रांगेत लावलेली गाणी हलवता येत नाहीत. काहींच्या ॲपला तर घरातले स्पीकरच दिसेनात. स्क्रीन रीडरवर अवलंबून असलेल्या दृष्टिहीन वापरकर्त्यांचे हाल आणखी वेगळे.

यातल्या एकाही स्पीकरमध्ये बिघाड नव्हता. आदल्या रात्री ते जसे वाजत होते, तसेच वाजू शकत होते. बदललं होतं ते फोनमधलं ॲप.

जुलैमध्ये कंपनीचे सीईओ पॅट्रिक स्पेन्स यांनी जाहीर माफी मागितली. ऑगस्टमध्ये कंपनीने दोन नवी उत्पादनं पुढे ढकलली, ॲप दुरुस्तीला २ ते ३ कोटी डॉलर लागतील असं सांगितलं आणि सुमारे १०० जणांना नोकरीवरून कमी केलं. जानेवारी २०२५ मध्ये स्पेन्स यांनाही खुर्ची सोडावी लागली. एका मोबाइल ॲपमुळे.

घरात चांगली म्युझिक सिस्टीम लावायची म्हटलं की चर्चा सुरू होते ती आवाजाच्या दर्जाची. कोणता डॅक, कोणती केबल, किती बिट. पण गेल्या दोन-तीन वर्षांत ज्या उपकरणांनी लोकांना दगा दिला, त्यांचा आवाज उत्तमच होता. त्यामुळे स्ट्रीमर घेताना पहिला प्रश्न बहुधा वेगळा असायला हवा: कंपनीने हात काढून घेतला, तर या डब्याचं काय होईल?

मुळात स्ट्रीमर करतो काय?

समजा, घरात सोनोडाइनचा जुना ॲम्प्लिफायर आणि दोन दणकट स्पीकर आहेत. त्यांना इंटरनेटवरची गाणी कळत नाहीत. स्ट्रीमर हा मधला दुभाषा. तो वाय-फाय किंवा नेटवर्क केबलवरून गाण्याचा डिजिटल डेटा घेतो, डॅक नावाचा भाग त्या आकड्यांचं विद्युत लहरींत रूपांतर करतो आणि त्या लहरी ॲम्प्लिफायरकडे जातात. डॅक कधी स्ट्रीमरच्या आतच असतो, कधी वेगळा घेता येतो.

फोनचं काम इथे बहुतेक वेळा फक्त रिमोटचं. स्पॉटिफाय कनेक्टवरून गाणं लावलं की स्ट्रीमर ते थेट इंटरनेटवरून ओढतो. फोन बंद पडला तरी गाणं सुरू राहतं. ब्लूटूथचं तसं नाही. तिथे गाणं फोनमधून जातं, वाटेत पुन्हा आकुंचित होतं आणि ऐन रंगात आलेल्या तानेच्या मध्ये कुणाचा तरी फोन येतो.

आवाजाच्या बाबतीत एक हिशेब मात्र करून टाकलेला बरा. सीडीचा डेटा सेकंदाला १,४११ किलोबिट असतो. २४ बिट, १९२ किलोहर्ट्‌झ ही हाय-रेझोल्यूशनची मोठी फाइल घेतली तरी ती सेकंदाला सुमारे ९.२ मेगाबिट. घरातलं साधं वाय-फाय याच्या कितीतरी पट डेटा सहज वाहतं. त्यामुळे हजारो रुपयांच्या 'ऑडिओफाइल' नेटवर्क केबलवर पैसे घालण्यापेक्षा ते स्पीकरवर घातलेले चांगले. खोलीतला आवाज प्रामुख्याने स्पीकर, त्यांची जागा आणि खोली यांवर ठरतो. बरी बनावट असलेल्या दोन स्ट्रीमरमधला फरक त्यामानाने फारच बारीक.

ज्यांची चावी दुसऱ्याच्या हातात होती

सोनोसचं उदाहरण गाजलं म्हणून माहीत आहे. पण ते एकटं नाही.

गूगलने २०१५ मध्ये क्रोमकास्ट ऑडिओ नावाची एक चिमुकली गोल चकती आणली होती. जुन्या ॲम्प्लिफायरला लावायची की तो स्ट्रीमर झाला. स्वस्त, छोटी आणि कामाची. २०१९ च्या सुरुवातीला गूगलने तिचं उत्पादन थांबवलं, तरी घराघरांत ती चालू होती. मग ९ मार्च २०२५ च्या सुमारास जगभरातल्या क्रोमकास्ट ऑडिओ आणि दुसऱ्या पिढीच्या क्रोमकास्टने एकदम संप पुकारला. कारण ऐकून हसू यावं: उपकरण अस्सल असल्याची खात्री देणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली होती आणि ते बदलायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली. मधल्या काळात ज्यांनी वैतागून चकती फॅक्टरी रिसेट केली, ते आणखी अडकले.

बोसचं प्रकरण अधिक बोलकं आहे. २०१३ मध्ये आलेल्या साउंडटच मालिकेतल्या उपकरणांसाठी लोकांनी चांगले पैसे मोजले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केलं की १८ फेब्रुवारी २०२६ पासून साउंडटचची क्लाउड सेवा बंद होईल. म्हणजे ॲपमधून गाण्यांच्या सेवा उघडणं आणि स्पीकरवरच्या ज्या बटणांवर लोकांनी आवडती स्टेशनं लावून ठेवली होती ती बटणं, दोन्ही जाणार. ग्राहक खवळले. जानेवारी २०२६ मध्ये बोसने मुदत ६ मेपर्यंत वाढवली, क्लाउडशिवाय घरच्या नेटवर्कवर चालेल असं ॲप देण्याचं सांगितलं आणि उपकरणाशी कसं बोलायचं याची तांत्रिक कागदपत्रं खुली केली, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामरना स्वतःची ॲप्स लिहिता यावीत. एवढं बरेच जण करत नाहीत, हे मान्य करायला हवं.

फॉरमॅटचंही तेच. काही वर्षं एमक्यूए हा फॉरमॅट म्हणजे जणू भविष्यच, अशी हवा होती. डब्यावर त्याचा शिक्का असेल तर लोक जास्त पैसे द्यायला तयार होते. एप्रिल २०२३ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि जुलै २०२४ मध्ये टायडल या तिच्या सर्वांत मोठ्या आधाराने साधा, खुला फ्लॅक फॉरमॅट स्वीकारला. शिक्का आता डब्यावरच राहिला.

एक डबा मात्र मेला नाही

याच्या अगदी उलट गोष्ट स्क्वीझबॉक्सची आहे. स्लिम डिव्हायसेस नावाच्या छोट्या कंपनीचा हा स्ट्रीमर. २००६ मध्ये लॉजिटेकने कंपनी विकत घेतली, २०१२ मध्ये उत्पादन गुंडाळलं आणि २०२४ मध्ये त्याची ऑनलाइन सेवाही बंद केली. वरच्या हिशेबाने हा डबा तीनदा भंगारात जायला हवा होता.

तो आजही वाजतो. कारण गाणी पुरवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर सुरुवातीपासून मुक्तस्रोत होतं. कुणीही ते बघू, बदलू आणि पुढे चालवू शकत होतं. हौशी प्रोग्रामरनी ते चालवलं. आता त्याचं नाव लिरियन म्युझिक सर्व्हर आहे, ते फुकट आहे आणि घरच्या जुन्या लॅपटॉपवरही बसतं. मालक कंपनीने सोडून दिलेलं उपकरण लोकांनी सांभाळलं, कारण त्याची चावी कुलूपबंद नव्हती.

यातूनच निवडीचा निकष मिळतो. स्ट्रीमरला किती दरवाजे आहेत ते बघा. तो फक्त स्वतःच्या ॲपचं ऐकतो, की स्पॉटिफाय कनेक्ट, एअरप्ले, गूगल कास्ट आणि डीएलएनए यांचंही? डीएलएनए जुनं आणि काहीसं ओबडधोबड आहे, पण ते घरातल्या घरात चालतं आणि कुठल्या एका कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून नाही. म्हणून ते असलेलं बरं. जाहिरातीतलं वाक्य न बघता त्याच मॉडेलचा तक्ता बघा, कारण एकाच कंपनीत फरक असतो. स्वस्त स्ट्रीमरमध्ये सध्या लोकप्रिय असलेल्या विमचंच घ्या (भांड्यांच्या साबणाशी संबंध नाही). त्याच्या प्रो मॉडेलमध्ये एअरप्ले आहे. नंतर आलेल्या, महागड्या अल्ट्रामध्ये नाही. घरात सगळे आयफोनवाले असतील तर हे आधी कळलेलं चांगलं.

दुसरी गोष्ट, शक्यतो सगळं एकाच डब्यात कोंबू नका. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर वीस-तीस वर्षं टिकतात; नेटवर्कचा भाग पाच-सात वर्षांत म्हातारा होतो. दोन्ही एकत्र जोडलेले असले की म्हाताऱ्यासोबत तरण्यालाही बाहेर काढावं लागतं. स्ट्रीमर वेगळा आणि स्वस्त ठेवला, त्याला ऑप्टिकल किंवा कोॲक्शियल डिजिटल आउटपुट असलं, तर उद्या फक्त तेवढाच बदलता येतो. ज्यांना थोडी खटपट जमते त्यांच्यासाठी रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर, त्यावर एक डॅक बोर्ड आणि व्होल्युमिओ किंवा मूडसारखं सॉफ्टवेअर हा पर्याय आहेच. तिथे आज एक सॉफ्टवेअर आवडलं नाही तर मेमरी कार्ड काढून दुसरं टाकता येतं.

ॲप चांगलं म्हणजे नेमकं कसं?

इथे भारतीय संगीत ऐकणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. बहुतेक ॲप्स कलाकार, अल्बम, गाणं एवढ्याच कप्प्यांत विचार करतात. 'भीमसेन जोशी' हे नाव इंग्रजीत चार प्रकारे लिहिलेलं असलं की ॲपच्या मते ते चार गायक. रागाला कप्पाच नाही. नाट्यगीत असेल तर गायक, संगीतकार आणि नाटककार यांत 'कलाकार' कोण, हे ज्याने सीडी कॉम्प्युटरवर उतरवली त्याच्या मर्जीवर.

रून हे सॉफ्टवेअर गाण्यांची माहिती जोडण्यासाठी नावाजलेलं आहे, पण त्याची मांडणी पाश्चात्त्य संगीत डोळ्यांसमोर ठेवून झाली आहे. त्यात घरातला एक कॉम्प्युटर सतत चालू ठेवावा लागतो आणि दरमहा १५ डॉलरच्या आसपास पैसे मोजावे लागतात. २०२३ मध्ये सॅमसंगच्या मालकीच्या हरमनने ही कंपनी घेतली, म्हणजे चावीचा मालक इथेही बदलला. स्वतःच्या सीडी उतरवून घेतलेल्यांना लिरियनमध्ये जास्त मोकळीक मिळते. रागाचं नाव 'जॉनर'च्या कप्प्यात भरून शोधण्याची युक्ती तिथे छान चालते. अर्थात ती माहिती एकदा बसून भरावी लागते आणि दोनशे सीडी असतील तर दिवाळीची सुट्टी त्यात जाते.

आणखी एक तपासणी: सलग वादन. अनेक सीडींवर विलंबित आणि द्रुत हे वेगळे ट्रॅक असतात, पण मैफिलीत ते एकाला लागून एक येतात. ॲप किंवा स्ट्रीमर दोन ट्रॅकमध्ये अर्ध्या सेकंदाची फट टाकत असेल तर तबल्याची लय तिथेच तुटते. ही सोय सर्व उपकरणांत, विशेषतः डीएलएनएवर, सारखी चालत नाही. विकत घेण्याआधी असा एक अल्बम लावून ऐकाच.

सेवांचंही भान हवं. परदेशी परीक्षणांत ज्यांचा सतत उल्लेख येतो त्या टायडल आणि कोबझ भारतात अधिकृतपणे सुरू झालेल्या नाहीत. आपल्याकडे लॉसलेस ऐकायचं तर एपल म्युझिक आहे आणि नोव्हेंबर २०२५ पासून स्पॉटिफायचा प्लॅटिनम प्लॅन. त्यामुळे डब्यावर पाच परदेशी सेवांची चिन्हं असणं इथे फारसं कामाचं नाही.

कायद्याची मदत किती? ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या उपकरणांना सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील हे कंपन्यांना जाहीर करावं लागतं. युरोपीय संघाच्या सायबर रेझिलियन्स कायद्यातल्या मुख्य अटी डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, पण त्याचा रोख मुख्यतः सुटे भाग, वॉरंटी आणि सेवा केंद्रं यांवर आहे. सर्व्हर बंद झाल्यामुळे मुका झालेला धडधाकट डबा त्यात नीट बसत नाही.

तोवर एक घरगुती चाचणी हाताशी ठेवता येते, आणि ती परत करण्याची मुदत संपायच्या आत करायची. स्ट्रीमर जोडा, लागतील ती अपडेट होऊ द्या. मग राउटर चालू ठेवून त्याला बाहेरून येणारी इंटरनेटची वायर काढा. आता पेनड्राइव्हवरचं किंवा लॅपटॉपवरचं एखादं गाणं लावून बघा, आवाज कमी-जास्त करून बघा, ॲप बंद करून पुन्हा उघडून बघा. कंपनीचा सर्व्हर बंद झाल्यावर त्या डब्यात काय उरेल, ते तेव्हाच समजतं. ॲप लॉगिनच्या पानावर गोल गोल फिरत बसलं, तर खोका आणि बिल अजून टाकून दिलेलं नसावं.