मलीरची मारुई

एसटी स्थानकावर 'हिरकणी कक्ष' अशी पाटी असते. त्या पाटीखाली रायगडाचा कडा उतरून गेलेल्या आईची गोष्ट कोणी लिहीत नाही. तान्ह्याला घेतलेली बाई सरळ आत जाते. 'फँड्री' चित्रपटातही काठीला बांधलेलं डुक्कर शाळेच्या ज्या भिंतीसमोरून नेलं जातं, तिच्यावर आंबेडकर आणि सावित्रीबाई रंगवलेले आहेत. त्यांच्याकडे कोणी बोट दाखवत नाही, पण आपल्या पोटात कालवतं. लेखक किंवा दिग्दर्शक फक्त नाव घेतो, चेहरा दाखवतो. बाकीचं आपण घरून घेऊन आलेलो असतो.

उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये हे घरून आणलेलं आता आटत चाललं आहे. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत आलेल्या सिंधी माणसांनी शाह अब्दुल लतीफ यांच्या काव्यातली मारुई सोबत आणली होती. उमर राजाने तिला पळवून उमरकोटच्या किल्ल्यात डांबलं, रेशीम आणि दागिने पुढे केले. तिने अंगावरची जाडीभरडी लोकर सोडली नाही; मलीरला, आपल्या माणसांत, परत जायचं हेच मागत राहिली. फाळणीनंतरच्या सिंधी कवितेत नुसतं 'मलीर' आलं, तरी जाणत्याला सगळं कळतं. त्याला गोष्टीचा शेवटही ठाऊक असतो: मारुई सुटली आणि मलीरला परतली. बराकीतल्या माणसांना तर कोणी कोंडलं नव्हतं, तरीही परतीची वाट नव्हती. गोष्ट आणि आयुष्य जिथे जुळत नाहीत, नेमकं तिथे ते एक नाव सर्वांत जास्त बोलतं.

तळटीप देऊन हे साधत नाही. तळटिपेने अर्थ कळतो, पण काळजात काही हलत नाही, कारण त्यासाठी गोष्ट आधी, लहानपणीच कानांवर पडलेली असावी लागते. सिंधीला १९६७ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळाली; पण अनुसूची मुलांना गोष्टी सांगत नाही. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या सिंधी नातवंडांना आजीची मारुई दूरची झाली आहे. शेजारच्या अंबरनाथ-बदलापूरच्या मराठी घरांत तर ती क्वचितच पोचली. पाऊणशे वर्षांच्या शेजारानंतरही असं असावं, याचं मला फार वाईट वाटतं. गडावर अडकलेली हिरकणी आपली, मग किल्ल्यात अडकलेली मारुई परकी कशी?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या शाळांनी, मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांच्या, याच वर्षी गोष्टीच्या तासाला या दोघींना एकत्र आणावं. त्यासाठी नवं पुस्तक नको की सरकारी आदेश नको. कॅम्प ५ मधल्या एखाद्या सिंधी आजीला वर्गात बोलवावं आणि तिला तिच्या पद्धतीने मारुई सांगू द्यावी. काही शब्द मुलांना कळणार नाहीत, ती विचारतील.