पुढं काय?

भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बीएस्सी झालेल्या आष्टीतल्या मुलामुलींना घरीदारी हाच प्रश्न ऐकावा लागतो. बीएड नाहीतर स्पर्धा परीक्षा, या दोनच वाटा त्यांना दाखवल्या जातात. या अंकात तिसरी वाट मांडली आहे: संगणकीय संशोधनाची.

या वाटेचं एक उदाहरण पाहा. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेने गुरुत्वीय लहर पहिल्यांदा टिपली. ती खूण जेमतेम ०.२ सेकंदाची. गोंगाटातून ती वेगळी काढायची, तर आधी समीकरणांवरून लहरीचे संभाव्य आकार संगणकावर तयार करावे लागतात आणि मग एकेक आकार वेधशाळेच्या नोंदींशी ताडून पाहावा लागतो. या पद्धतीच्या पायाभरणीत पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेतले संजीव धुरंधर यांचा मोलाचा वाटा आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने मंजुरी दिलेला लायगो-इंडिया प्रकल्प तर आपल्याच मराठवाड्यात, औंढा नागनाथजवळ होणार आहे.

तिथल्या नोंदी वाचणारी माणसं आष्टीतून का जाऊ नयेत? विद्यार्थ्यांनो, गणिताचा पाया तुमच्याकडे आहे. पायथॉन ही संगणकीय भाषा शिका, जॅम आणि जेस्ट या प्रवेश परीक्षांची तयारी करा. महाविद्यालयांनीही संगणक कक्ष सुट्टीत कुलूपबंद ठेवू नयेत, एवढी आमची कळकळीची विनंती आहे.