बालकांचे श्वसनबल : अनुमान पुरे, मापन हवे

चिकित्सालयात दुर्बल बालक आले की आपण नाडी, जिव्हा, अग्नी पाहतो, छातीला स्टेथोस्कोप लावतो आणि केसपेपरवर ‘बल – मध्यम’ लिहून मोकळे होतो. या ‘मध्यम’ला माप कोणते? चरकाचार्यांनी विमानस्थानातील दशविध परीक्षेत प्रमाण आणि व्यायामशक्ती यांना स्वतंत्र स्थान दिले. शक्ती कर्मावरून ओळखावी, ही दृष्टी मूळची आपलीच.

डुशेनसारख्या मांसक्षयाच्या व्याधीत ही उणीव फार महागात पडते. श्वसनाचे स्नायू क्षीण होऊ लागले तरी आरंभी स्पायरोमेट्री बरीचशी प्राकृत दिसू शकते. आपल्या औषधालयांत विकला जाणारा पीक फ्लो मीटर मुख्यतः श्वासमार्गाचा अवरोध सांगतो; स्नायूंचे बल मोजण्याचे ते साधन नव्हे. त्यासाठी नाक चिमट्याने बंद करून, श्वास पूर्ण सोडल्यावर जवळजवळ बंद नळीतून जोराने आत ओढायला सांगतात आणि निदान एक सेकंद टिकणारा दाब सेंटिमीटर जलस्तंभात मोजतात. उच्छ्वासासाठी कृती याच्या उलट. नळीला बारीक छिद्र ठेवतात, नाहीतर मूल केवळ गालांनीच दाब निर्माण करते! ज्यांना हे जमत नाही, त्यांना नाकपुडीत दाबमापक बसवून जोराने हुंगायला सांगतात.

१९८४ साली विल्सन व सहकाऱ्यांनी दिलेल्या सूत्रानुसार मुलाचा अपेक्षित अंतःश्वसन दाब ४४.५ अधिक वजनाच्या ०.७५ पट, म्हणजे ३० किलोच्या मुलाचा सुमारे ६७. परंतु ती मुले गौरवर्णीय होती. आपल्याकडील कृश बालकाला तो आकडा डोळे मिटून लावणे मला मान्य नाही. त्या बालकाचे स्वतःचे मागील माप हीच त्याची खरी तुलना.

आणि येथेच आपली कसोटी आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मूल ही क्रिया शिकते, आकडा आपोआप वाढतो. मीही एकदा अशा वाढीचे श्रेय अश्वगंधाघृताला देऊन बसलो होतो. औषधनिर्मात्या बंधूंनी तर वेष्टनावर ‘श्वसनबलवर्धक’ छापण्यापूर्वी हे विशेष ध्यानी घ्यावे. औषध सुरू करण्यापूर्वी किमान दोन वेगळ्या दिवशी, प्रत्येक वेळी आकडा स्थिर होईपर्यंत मापन करावे. बस्ती, अभ्यंग, बृंहण त्यानंतर. उपकरण परवडत नसल्यास जवळच्या फुफ्फुसरोगतज्ज्ञाकडे चिठ्ठी द्यावी. खोकला क्षीण झालेल्या मुलाला तर ती त्याच दिवशी द्यावी.