एका वर्गाचा सुवर्णमहोत्सव

पवईच्या आय. आय. टी.तून १९७१ साली पदवी घेऊन बाहेर पडलेल्या वर्गाने आपल्या सुवर्णमहोत्सवानिमित्त संस्थेला ४१ कोटी रुपयांची देणगी दिली. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये १९९८ च्या वर्गाने रौप्यमहोत्सवी मेळाव्यात ५७ कोटी रुपये देऊन तो उच्चांक मोडला. त्याच वर्षी नंदन निलेकणी यांनी संस्थेशी जडलेल्या संबंधाला ५० वर्षे झाली म्हणून ३१५ कोटी रुपये दिले. वर्तमानपत्रांनी या आकड्यांचे कौतुक केले आणि ते अस्थानी नव्हते. ज्या संस्थेने आपल्याला घडविले तिची उतारवयात आठवण ठेवावी, शनिवार-रविवार काढून जुन्या सोबत्यांना भेटावे, वसतिगृहाची आपली खोली पुन्हा पाहावी, दिवंगत सहाध्यायांची नावे वाचली जाताना स्तब्ध उभे राहावे, यात मनुष्यस्वभावाचे एक निर्मळ रूप दिसते. समाजवादी कार्यकर्त्याने त्याची टवाळी करण्याचे कारण नाही.

प्रश्न निराळा आहे. अशा मेळाव्यांत कृतज्ञतेचा जो हिशेब मांडला जातो, त्यात धनको कोण हे नीट लिहिलेले असते काय?

पवईच्या संस्थेचे पहिले वर्ग १९५८ साली भरले. पुढल्या वर्षी मार्चमध्ये जवाहरलाल नेहरूंनी तिच्या इमारतींची कोनशिला बसविली. युनेस्कोमार्फत सोव्हिएत संघाने यंत्रसामग्री आणि तज्ज्ञ पुरविले. इमारतींचा आणि चालू खर्चाचा भार भारत सरकारने उचलला. १९७१ चा वर्ग पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी १९६६ साली तेथे दाखल झाला. ते वर्ष कसले होते? लागोपाठ दोन पावसाळे हुकलेले, बिहार दुष्काळाच्या छायेत, पी. एल. ४८० खालील अमेरिकन गव्हाच्या जहाजांवर देशाची चूल अवलंबून. त्याच वर्षी जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला. अशा वर्षीही या गरीब देशाने आपल्या निवडक तरुणांच्या प्रयोगशाळा आणि वसतिगृहे बंद पडू दिली नाहीत. त्यांच्याकडून घेतलेले शुल्क नाममात्र होते. उरलेला खर्च काड्यापेटीवर, साखरेवर, कापडावर अबकारी कर भरणाऱ्या सामान्य माणसाने केला. खरा धनको तो आहे, आणि मेळाव्याच्या निमंत्रितांच्या यादीत त्याचे नाव कधीच नसते.

'वर्ग' या मराठी शब्दाला दोन अर्थ आहेत, आणि या प्रसंगी दोन्ही ध्यानात घेतले पाहिजेत. पवईच्या त्या वर्गात कोण बसू शकत होते? प्रवेशपरीक्षा इंग्रजीतून होती. मुली अपवादानेच दिसत. अनुसूचित जाती-जमातींसाठी आय. आय. टी.त राखीव जागा सुरू झाल्या त्या १९७३ साली, म्हणजे हा वर्ग बाहेर पडल्यानंतर. इतर मागासवर्गीयांसाठी २००८ उजाडावे लागले. गुणवत्ता होती यात शंका नाही. परंतु ज्या गावात सातवीपुढे शाळाच नव्हती, तेथल्या गुणवत्तेची परीक्षा कोणी घेतली नव्हती.

हा वर्ग पदवी घेऊन बाहेर पडला आणि पुढल्याच वर्षी महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. त्यांत याच वयाचे लक्षावधी स्त्री-पुरुष होते. ते रस्त्याकडेला खडी फोडीत होते, पाझर तलावाची माती वाहत होते, सुकडीवर दिवस काढीत होते. तेही याच देशाच्या १९७१ च्या पिढीचे सभासद. आज त्यांनीही पंचाहत्तरी गाठली आहे. त्यांपैकी जे निराधार आहेत त्यांना राज्याच्या श्रावणबाळ योजनेखाली २०२३ पासून महिन्याला दीड हजार रुपये मिळतात, आणि त्यांत केंद्र सरकारचा वाटा ८० वर्षांखालील वृद्धासाठी अवघा २०० रुपयांचा आहे. यांचा सुवर्णमहोत्सव कोणी साजरा केला नाही. पाझर तलाव बांधणाऱ्यांचा स्नेहमेळावा भरत नसतो.

यावर एक उत्तर दिले जाते. या पदवीधरांनी कारखाने चालविले, धरणे बांधली, संगणक व्यवसाय उभा केला, कर भरले. मग ऋण उरले कुठे? यात तथ्य आहे. जे येथे राहिले त्यांनी देशाच्या उभारणीत मोलाचा हात दिला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु पवईच्याच डॉ. सुहास सुखात्मे यांनी १९७३ ते १९७७ या काळातील पदवीधरांचा मागोवा घेतला, तेव्हा दहांपैकी सुमारे तिघे परदेशी स्थायिक झाल्याचे आढळले. अमेरिकेने १९६५ साली आपला स्थलांतराचा कायदा बदलला आणि भारताने खर्चून तयार केलेले मनुष्यबळ तिला आयते मिळाले. जगदीश भगवती यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभीच सुचविले होते, की अशा स्थलांतरित तज्ज्ञांच्या उत्पन्नावर अधिभार बसवून ती रक्कम विकसनशील देशांकडे वळवावी. भगवती हे काही समाजवादी गोटातले अर्थशास्त्रज्ञ नव्हेत. तरीही ती सूचना कागदावरच राहिली. कराची जागा देणगीने घेतली, आणि देय असलेली रक्कम औदार्य म्हणून मिरवू लागली.

कर आणि देणगी यांत मोठा फरक आहे. कराचा विनियोग कसा व्हावा हे लोकांचे प्रतिनिधी ठरवितात. देणगीचा विनियोग दाता ठरवितो. शिवाय देणगी सर्वस्वी दात्याची असतेच असे नाही. आयकराच्या जुन्या पद्धतीत अशा देणग्यांना वजावट मिळते. अमेरिकेतही नोंदणीकृत प्रतिष्ठानांमार्फत दिलेल्या देणगीला करसवलत आहे. जेथे ही सवलत घेतली जाते तेथे देणगीचा काही हिस्सा सरकारी तिजोरीच सोसते. पाटीवर नाव मात्र एकट्या दात्याचे लागते.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. देणगी तेथेच जाते जेथील माजी विद्यार्थी श्रीमंत झाले, आणि ते प्रायः तेथेच श्रीमंत झाले जेथे शासनाने आरंभी भरघोस खर्च केला. बीड किंवा गडचिरोली जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी शिक्षक, तलाठी, वाहक, शेतकरी असतात. ते जमले तर फार तर पाण्याची टाकी, चार पंखे किंवा ग्रंथालयाला एक कपाट देतील. त्यांची कृतज्ञता पवईकरांहून उणी नसते. खिसा उणा असतो. उच्च शिक्षण देणग्यांवर सोपविणे म्हणजे भरलेल्या रांजणातच आणखी पाणी ओतणे होय.

आणि शासन नेमके तेच करू पाहत आहे. २०१६ साली आय. आय. टी.चे पदवी अभ्यासक्रमाचे वार्षिक शिक्षणशुल्क ९० हजारांवरून दोन लाखांवर नेण्यात आले. दलित, आदिवासी, अपंग आणि अत्यल्प उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना माफी ठेवली हे खरे. परंतु शिक्षण ही विकत घेण्याची वस्तू आहे हे तत्त्व त्यात रुजविले गेले. २०१७ पासून केंद्रीय संस्थांनी इमारतींसाठी अनुदानाऐवजी उच्च शिक्षण वित्त संस्थेकडून कर्ज घ्यावे, अशी व्यवस्था आली. फेड कशातून करावयाची? शुल्कातून आणि इतर अंतर्गत उत्पन्नातून. इकडे राज्यातील विद्यापीठे व महाविद्यालये तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या जिवावर चालली आहेत. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत असे म्हटले होते. १९७१ चा वर्ग दाखल झाला त्याच वर्षीची ती शिफारस. वर्गाचा सुवर्णमहोत्सव झाला, शिफारस अद्याप अमलात आलेली नाही.

म्हणून या वृद्ध पदवीधरांकडे मागणे करावयाचे ते निराळे आहे. सार्वजनिक खर्चाने काय घडू शकते याचा जिवंत पुरावा ते स्वतः आहेत. ती साक्ष त्यांनी उघडपणे द्यावी. आम्हांला फुकटासारखे मिळाले, ते इतरांनाही मिळाले पाहिजे, असे त्यांच्यापैकी शंभरांनी जाहीरपणे म्हटले तर त्याचे वजन ४१ कोटींहून कमी भरणार नाही. इस्टेट ड्यूटी या नावाचा मृत्युकर १९८५ साली आणि संपत्तिकर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. मृत्युपत्रे लिहिण्याच्या वयात आलेल्या या मंडळींनी असे कर पुन्हा लावण्यास पाठिंबा दिला, तर ती खरी परतफेड ठरेल.

कार्यकर्त्यांनाही येथे काम आहे. आज तालुक्या-तालुक्यांत दहावीच्या तुकड्यांचे स्नेहमेळावे भरू लागले आहेत. तेथे सत्कार आणि जेवणावळी होतात, ते होऊ द्यावे. परंतु कार्यकर्त्याने आधी शाळेत जाऊन त्या तुकडीचा पाचवीचा हजेरीपट मागावा. उत्तीर्णांच्या यादीत नसलेली नावे त्यात सापडतील: ऊसतोडीला गेलेली मुले, लग्न लावून दिलेल्या मुली, फीपायी नाव कमी झालेले सोबती. निमंत्रणे त्या पटावरून धाडावीत, आणि आज त्या शाळेत कोणाचे नाव कमी होत आहे याची चौकशी त्याच दिवशी सुरू करावी.