८८ रुपयांचं कमिशन



गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. मामांचा फोन आला. "अरे, तुझ्या भावाला तीस हजार रुपये पाहिजेत. ॲफिलिएट मार्केटिंगचा कोर्स करायचा म्हणतो. घरबसल्या महिन्याला पन्नास हजार मिळतात म्हणे. तू कॉम्प्युटरवाला आहेस, रविवारी ये आणि याला काय ते सांग."

आमच्या मामांचं इंदूरला पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं छोटं दुकान आहे. तीस हजार म्हणजे त्यांच्यासाठी लहान रक्कम नाही. मामेभाऊ इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि सुट्टीच्या दिवशी दुकानात बसतो. हुशार आहे, पण कॉलेजच्या ग्रुपवर रोज कुणाच्या तरी कमाईचे स्क्रीनशॉट बघून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

मी गेलो. जाताना मनात थोडी धाकधूक होती, कारण या धंद्यातला माझाही एक जुना हिशेब बाकी होता. तो पुढे सांगतोच. आधी हे प्रकरण चालतं कसं ते पाहू, कारण आपल्या मंडळातल्या बऱ्याच मुलामुलींनी मला हाच प्रश्न विचारला आहे.

वेबसाइटवरून पैसे मिळवायचे दोन मुख्य रस्ते आहेत. पहिला जाहिरातींचा. गूगलची ॲडसेन्स ही योजना २००३ पासून चालू आहे. तुमची वेबसाइट असेल, त्यावरचा मजकूर तुमचा स्वतःचा असेल आणि वय १८ पूर्ण असेल, तर अर्ज करता येतो. मंजुरी मिळाली की गूगल एक छोटा कोड देतं, तो वेबसाइटमध्ये टाकायचा. मग कुणी पान उघडलं, की तेवढ्या क्षणात जाहिरातदारांचा लिलाव होतो आणि जिंकणाऱ्याची जाहिरात तिथे दिसते. त्या पैशातला एक भाग गूगल ठेवतं, उरलेला तुमच्या खात्यात जमा होतो. पूर्वी प्रामुख्याने क्लिकवर पैसे मिळत. २०२४ पासून जाहिरात किती वेळा दिसली यावर मिळतात.

यातही पैसे लगेच हातात येत नाहीत. खात्यात १० डॉलर जमले की पत्ता तपासण्यासाठी गूगल टपालाने एक पिन पाठवतं. तो भरायचा. १०० डॉलर पूर्ण झाले की मगच रक्कम बँकेत येते. आणि स्वतःच्या जाहिरातींवर स्वतः क्लिक केलं किंवा मित्रांना करायला लावलं, तर खातं बंद होऊ शकतं. "तू माझ्यावर क्लिक कर, मी तुझ्यावर करतो" असे ग्रुप असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

दुसरा रस्ता ॲफिलिएट मार्केटिंगचा, म्हणजे साध्या मराठीत दलालीचा. हा शब्द वाईट नाही, बाजारात दलाल लागतोच. ॲमेझॉनने ही योजना १९९६ मध्ये सुरू केली. तुम्हाला तुमच्या खुणेची एक लिंक मिळते. त्या लिंकवरून कुणी दुकानात गेला आणि ठरलेल्या मुदतीत काही विकत घेतलं, तर तुम्हाला टक्केवारी मिळते. ॲमेझॉनवर ही मुदत साधारण २४ तासांची असते. टक्केवारी वस्तूप्रमाणे बदलते. गिऱ्हाइकाला किंमत तेवढीच पडते, कमिशन दुकान देतं.

मी मामेभावासमोर कागद घेतला आणि गणित मांडलं. समजा, पान हजार वेळा पाहिलं गेलं की जाहिरातींचे ४० रुपये मिळतात. मग महिन्याला १० हजार मिळवायला पान अडीच लाख वेळा पाहिलं जायला हवं. आता कमिशनचं बघू. समजा, ४०० जणांनी लेख वाचला, त्यातल्या २० जणांनी लिंक दाबली आणि एकाने अडीच हजारांची वस्तू घेतली. चार टक्क्यांनी १०० रुपये झाले. १० हजारांसाठी अशा १०० विक्री हव्यात, म्हणजे ४० हजार वाचक.

"म्हणजे दादा, ॲफिलिएटच बरं की!" तो लगेच म्हणाला.

गणितात बरंच. मलाही तसंच वाटलं होतं.

२०१९ मध्ये मी आईच्या पाककृतींची वेबसाइट काढली होती. भुट्ट्याचा कीस, गराडू, साबुदाण्याची खिचडी, दिवाळीचा फराळ. आई सांगायची, मी रात्री ऑफिसचं काम आटोपून टाइप करायचो. वर्षभरात बऱ्यापैकी वाचक आले, पण जाहिरातींचे पैसे मुंगीच्या पावलांनी जमत होते. मग मी एक लेख लिहिला, "स्वयंपाकघरासाठी पाच चांगले मिक्सर". खरं सांगायचं तर त्या पाचांतला एकही मिक्सर मी हातात घेतला नव्हता. कंपन्यांच्या माहितीवरून आणि दुकानाच्या पानावरच्या अभिप्रायांवरून लेख जुळवला, प्रत्येकाखाली लिंक लावली आणि एका मिक्सरला "आमची पसंती" असा शिक्का मारला. का, तर तो स्वस्त होता आणि खपेल असं वाटलं.

आमच्या गल्लीतल्या काकू आईची वेबसाइट कौतुकाने वाचायच्या. त्यांनी तोच मिक्सर घेतला. २,२०० रुपयांचा. माझ्या खात्यात ८८ रुपये आले. कुणी काय घेतलं त्यांची नावं आपल्याला दिसत नाहीत, फक्त वस्तू दिसते. विक्री झाली म्हणून मी खूश होतो. काकू भेटल्यावर म्हणाल्या, "तुझ्या सांगण्यावरून घेतला हो मिक्सर." मग तर आणखीनच खूश झालो.

तीन महिन्यांत तो मिक्सर जळला. काकू ऑर्डरीने इडली-डोशाचं पीठ वाटून द्यायच्या, त्यावर त्यांचं घर चालायचं. वॉरंटीसाठी गेल्या तर सांगण्यात आलं, की घरगुती वापरासाठीच वॉरंटी आहे, धंद्यासाठी वापरला तर नाही. ही अट माहितीपत्रकात छापलेली होती. मी ती वाचली नव्हती. ऐन लग्नसराईत काकूंच्या आठ-दहा दिवसांच्या ऑर्डरी गेल्या. त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. आई मात्र बोलली. "नाव माझं होतं वेबसाइटवर," एवढंच म्हणाली. मी तो लेख काढून टाकला आणि हळूहळू वेबसाइटकडे बघणंही सोडलं.

हे सगळं त्या रविवारी मामेभावाला सांगितलं. मला वाटलं, तो ओशाळेल किंवा कंटाळेल. तो म्हणाला, "पण दादा, काकूंना पाचशे वॉटचा मिक्सर सांगितलासच कसा? रोज दोन-तीन किलो डाळ-तांदूळ वाटायचे तर तो तापणारच. खालचं लाल बटण सारखं उडत असणार, आणि त्या ते दाबून पुन्हा चालवत असणार. त्यांना मिक्सर नाही, वेट ग्राइंडर लागतो."

मी गप्प झालो. काकूंना मी नंतर विचारलं तर अगदी तसंच झालं होतं. जे मला इंटरनेटवर रात्र रात्र वाचून कळलं नाही, ते या मुलाला दुकानात बसून माहीत होतं.

तेव्हा मला जे सुचलं तेच आज तुम्हाला सांगायचं आहे. ऑनलाइन कमाईत वेबसाइट बनवणं सोपं आहे, लिंक लावणं त्याहून सोपं. अवघड आहे ते म्हणजे दुसऱ्याला उपयोगी पडेल असं काहीतरी स्वतःला पक्कं माहीत असणं. भारतात अगदी सुरुवातीला ब्लॉगिंगलाच व्यवसाय करणाऱ्यांपैकी एक म्हणजे आग्र्याचे अमित अगरवाल. त्यांनी २००४ मध्ये नोकरी सोडली, पण ते लिहीत होते कॉम्प्युटरबद्दल, आणि शिक्षणाने ते कॉम्प्युटर इंजिनिअरच होते. आता तर ही गोष्ट जास्तच खरी झाली आहे. ऑगस्ट २०२४ पासून गूगल भारतातही शोधाच्या वरच एआयने तयार केलेलं उत्तर दाखवू लागलं आहे. इकडून तिकडून जुळवलेला लेख वाचायला आता कुणी तुमच्या पानावर कशाला येईल? हाताने काम केलेल्या माणसाचा अनुभव असेल, तरच येईल.

आता त्या तीस हजारांच्या कोर्सचं. आम्ही दोघांनी त्याचं माहितीपत्रक नीट वाचलं. शिकवणार काय, तर तोच कोर्स दुसऱ्यांना विकायचा आणि कमिशन घ्यायचं! पुढचा गिऱ्हाईक मिळेपर्यंत आपले पैसे अडकलेले, आणि गिऱ्हाईक म्हणजे आपलेच मित्र, आपलीच भावंडं. ही साखळी आहे, धंदा नाही. ओळखायची खूण सोपी आहे: खऱ्या ॲफिलिएट योजनेत सामील व्हायला पैसे भरावे लागत नाहीत.

याहून वाईट प्रकारही चालतात. टेलिग्रामवर "हॉटेलांना रेटिंग द्या, पन्नास रुपये मिळवा" असा संदेश येतो. पहिले दोन-तीन वेळा पैसे मिळतातही. मग मोठ्या "टास्क"साठी आधी रक्कम भरायला सांगतात आणि ती गेली ती गेलीच. कुणी तुमचं बँक खातं भाड्याने मागितलं तर तिथेच नाही म्हणा, कारण फसवणुकीचा पैसा त्यातून फिरला तर पोलीस तुमच्या दारात येतील. फसवणूक झालीच, तर लाजेने लपवू नका. १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

आणि जे प्रामाणिकपणे करू पाहतात, त्यांच्यासाठी काही गोष्टी.

विषय असा घ्या, ज्याबद्दल लोक आताही तुम्हाला विचारतात. वीस-पंचवीस चांगले लेख होईपर्यंत जाहिरातींचा विचार करू नका. स्वतःच्या नावाचा डोमेन घ्या, वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो, सुरुवातीला यापेक्षा जास्त काही लागत नाही. कमिशनची लिंक असेल तर लेखाच्या वरच, ठळक लिहा की "या लिंकवरून खरेदी केल्यास मला कमिशन मिळतं." हा नुसता सभ्यपणा नाही. जाहिरात क्षेत्राच्या ॲस्की या संस्थेने २०२१ मध्ये आणि केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी, वस्तूची शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मिळालेले पैसे प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवा. आणि शिक्षण किंवा नोकरी यासाठी सोडू नका. पहिलं वर्ष जवळजवळ फुकटच काम करायचं आहे असं समजून चाला.

लेख प्रसिद्ध करण्याआधी मी आता स्वतःला एकच प्रश्न विचारतो. ही वस्तू मी आईला घेऊन दिली असती का? उत्तर "हो" नसेल तर लिंक काढायची.

मामांनी तीस हजार दिले नाहीत. मामेभाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, "दादा, डोमेन कुठून घ्यायचा?"

त्याला आता सात महिने झाले. मिक्सरचा कपलर घरी कसा बदलायचा, कार्बन ब्रश झिजल्याची खूण काय, पंखा हळू का फिरतो, असे त्याचे एकोणीस लेख झाले आहेत. फोटो दुकानातलेच असतात, कधी कधी मामांचे हातही दिसतात त्यात. वाचणारे कमी आहेत, पण ते प्रश्न विचारतात आणि हा उत्तरं देतो. एका लेखात त्याने "हा मिक्सर दुरुस्त करण्यापेक्षा नवा घ्या" असं लिहिलं, तेव्हा मामा म्हणाले, "अरे, माझं गिऱ्हाईक घालवतोस!" पण लेख काढायला सांगितलं नाही.

काकूंना आम्ही दोघांनी मिळून वेट ग्राइंडर घेऊन दिला. मामेभावाने दुकानात जाऊन तो चालवून बघितला, मग पैसे दिले. लिंक-बिंक काही नाही.

त्याच्या ॲडसेन्सच्या खात्यात अजून १० डॉलर व्हायचे आहेत. पिनचं पत्र आलं की सांगतो म्हणाला आहे. आलं की तुम्हालाही कळवीन.

तुमचे प्रश्न मंडळाच्या पत्त्यावर जरूर पाठवा. पुढच्या अंकात भेटूच.