हळू बोलणारा रेडिओ

देवगाव फाट्यावरून कुठल्याही शिवारात शिरा, विहिरीवरच्या स्टार्टरला 'ऑटो' जोडलेला सापडेल. रात्री थ्री फेज आली की मोटार आपोआप सुरू. मालक घरी झोपलेला. आमच्याकडचं होम ऑटोमेशन ते हेच, दिवाणखान्यातल्या रंगीत दिव्यांच्या कितीतरी आधीचं. पण हे यंत्र मुकं आणि बहिरंही. लाइट येताच डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, भार झेपत नाही, रोहित्र जळतं. म्हणून महावितरण 'ऑटो काढा' असं सांगत आलं आहे. मोटारींना आपसात बोलता आलं असतं, तर त्यांनी पाळी लावली असती.

तारेवाचून बोलणं आपल्याकडे नवं नाही. 1895 साली जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात तारेवाचून, भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली होती. पुढे मात्र बिनतारी म्हणजे लांब पोचणारी, असंच समीकरण झालं आणि सरकारला तिची धास्ती बसली. 1933च्या कायद्यानंतर नुसता ऐकायचा रेडिओ घरात ठेवायलाही परवाना लागे. तो नवा करायला पोस्टात घातलेल्या खेपा जुन्या माणसांना आठवत असतील. 2005मध्ये 2.4 गिगाहर्ट्झचा आणि 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांना विनापरवाना मोकळा झाला. मोबाइलच्या गाजावाजात ही मोठी गोष्ट कुणाच्या लक्षातही आली नाही.

तोवर जवळजवळच्या, कमी शक्तीच्या यंत्रांनी आपसात बिनतारी बोलण्यासाठीचं 802.15.4 हे मानक (2003) आणि त्यावर बेतलेलं झिगबी आलं होतं. नाव मधमाश्यांच्या नाचावरून. एका खेपेत फार तर 127 बाइट. हातोहात घागरी सरकवाव्यात तसा निरोप यंत्रायंत्रांतून पुढे जातो. बोलून झालं की संवेदक झोपी जातो, म्हणून बारकी बॅटरी वर्षानुवर्षं पुरते. मुंबईच्या आयआयटीने नाशिकच्या सुला द्राक्षमळ्यात बिनतारी संवेदकांचं जाळं लावून पाहिलं. शेतकऱ्याने मात्र उचलला तो मोबाइलवर चालणारा स्टार्टर. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या 'नॅनो गणेश' या अशाच स्टार्टरला 2009मध्ये नोकियाचं पारितोषिकही मिळालं. शेतकऱ्याची निवड साहजिक आहे, विहीर गावापासून लांब, आणि वाढलेल्या पिकात 2.4 गिगाहर्ट्झची लहर लवकर दमते.

पण टॉवर गेला की हा मोबाइलचा स्टार्टरही मुका. शहरातल्या घरांत तर याहून विचित्र प्रकार: हाताशी असलेल्या दिव्याचा हुकूम परदेशातल्या सर्व्हरला वळसा घालून परत येतो. हे बोसांच्या घंटेपेक्षा मागासलेलं आहे. तेव्हा असलं काही विकत घेताना दुकानदाराला आधी एवढंच विचारा: नेट गेलं तर चालेल का?